ऊसतोड मजुरांमधील क्षयरोग : निदानातील विलंबाचे स्वरूप, कारणे आणि उपाय

सारांश

क्षयरोगाचे निदान वेळेवर झाल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्णपणे बरे होऊ शकतात. तथापि हंगामी स्थलांतर करणाऱ्या श्रमिकांमध्ये लक्षणे दिसू लागल्यापासून निदान होईपर्यंत मोठा कालावधी लोटतो. या विलंबाचे खापर अनेकदा रुग्णाच्या अज्ञानावर फोडले जाते. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या उदाहरणाद्वारे असे प्रतिपादन केले आहे की, हा विलंब प्रामुख्याने मजुरीच्या पद्धतीतून आणि निवासाच्या पत्त्यावर आधारलेल्या आरोग्ययंत्रणेतून निर्माण होतो. त्यामुळे केवळ प्रबोधनाने तो कमी होणार नाही. त्यासाठी तपासणीची जागा, वेळ आणि खर्चाची जबाबदारी बदलावी लागेल.

बीजसंज्ञा : क्षयरोग, निदानातील विलंब, हंगामी स्थलांतर, ऊसतोड मजूर, उचल, खाडा.

प्रस्तावना

रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. विसाव्या शतकाच्या मध्यास परिणामकारक औषधे उपलब्ध झाली आणि शतकानुशतके असाध्य मानला गेलेला हा आजार साध्य झाला. आज औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगासाठी साधारणपणे सहा महिन्यांचा नियमित उपचार पुरेसा ठरतो व शासकीय आरोग्य केंद्रांत तो विनामूल्य मिळतो. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि सुमारे साडेबारा लाख लोक त्यामुळे मृत्युमुखी पडले. नव्या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण एकट्या भारतातील होते.

भारताने २०२५ पर्यंत क्षयरोगाच्या दूरीकरणाचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साध्य झाले नाही. दर लाख लोकसंख्येमागे दरवर्षी होणाऱ्या नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मध्ये २३७ होते. २०२३ मध्ये ते १९५ वर आले. ही घट स्वागतार्ह असली, तरी उद्दिष्टाच्या तुलनेत ती फार अपुरी आहे. औषध उपलब्ध असताना रोग का हटत नाही, या प्रश्नाच्या अनेक उत्तरांपैकी एक महत्त्वाचे उत्तर असे की, औषध रुग्णापर्यंत उशिरा पोहोचते; आणि औषध उशिरा पोहोचते, कारण निदानच उशिरा होते.

स्थलांतरित श्रमिकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. बांधकाम मजूर, वीटभट्टी कामगार, दगडखाणीतील मजूर, मासेमारी नौकांवरील खलाशी असे स्थलांतरितांचे अनेक गट आहेत व प्रत्येकाची परिस्थिती भिन्न आहे. सर्वांविषयी एकत्रित विधाने करण्याऐवजी प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील ऊसतोड मजुरांचा विचार केला आहे. त्यांचे स्थलांतर ठरलेल्या काळात आणि बहुतांशी ठरलेल्या मार्गाने होते. त्यामुळे विलंब नेमका कोठे घडतो, हे त्यांच्या उदाहरणात स्पष्टपणे पाहता येते आणि तो कोठे टाळता येईल, हेही सांगता येते.

निदानातील विलंब : संकल्पना

वैद्यकीय संशोधनात विलंबाचे तीन टप्पे मानले जातात. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्ण पहिल्यांदा कोणत्याही वैद्यकीय व्यावसायिकाकडे जाईपर्यंतचा काळ हा 'रुग्णाकडून होणारा विलंब' होय. त्या पहिल्या भेटीपासून क्षयरोगाचे निदान होईपर्यंतचा काळ हा 'निदानातील विलंब', तर निदानानंतर औषधे सुरू होईपर्यंतचा काळ हा 'उपचारातील विलंब' होय. तिन्हींची बेरीज म्हणजे एकूण विलंब.

भारतातील विविध अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एकूण विलंबाचा मध्यमान काळ सुमारे ५५ दिवसांचा होता. त्यापैकी रुग्णाकडून होणारा विलंब सुमारे १८ दिवसांचा, निदानातील विलंब ३१ दिवसांचा, तर उपचारातील विलंब अवघा अडीच दिवसांचा होता. निदान होण्यापूर्वी रुग्ण सरासरी २.७ वैद्यकीय व्यावसायिकांकडे जाऊन आलेले होते. या आकड्यांचा अर्थ महत्त्वाचा आहे. रुग्ण घरात बसून जितके दिवस घालवतो, त्याहून अधिक दिवस दवाखान्यांच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात जातात. एकदा निदान झाले की औषध मात्र लवकर सुरू होते.

हे निरीक्षण नवे नाही. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील तुमकुर जिल्ह्यात केलेल्या समाजशास्त्रीय अभ्यासाचे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. थुंकीत जंतू आढळलेल्या बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक रुग्ण आधीच उपचाराच्या शोधात आरोग्यसेवेपर्यंत जाऊन आले होते, असे त्यात आढळले. तेथे त्यांची बहुधा खोकल्याच्या औषधावर बोळवण झाली होती. खेड्यातील माणूस अज्ञानामुळे दवाखान्यात येत नाही, या समजाला या अभ्यासाने धक्का दिला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या मांडणीमागे हाच विचार होता : रुग्ण जेथे आधीच येत आहे, त्या सामान्य दवाखान्यातच निदानाची सोय असावी. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने प्रश्न असा की, जो रुग्ण वर्षातील सहा महिने एका जिल्ह्यात आणि सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात असतो, त्याचा 'जवळचा दवाखाना' कोणता?

हंगामाचे वेळापत्रक आणि आजाराचे वेळापत्रक

बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज यांसारख्या तालुक्यांतून, तसेच अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी व मराठवाड्यातील इतर कोरडवाहू भागांतून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत भरले जाते. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर हे जिल्हे आणि सीमेपलीकडील कर्नाटकाचा बेळगाव जिल्हा ही त्यांची प्रमुख गंतव्यस्थाने होत. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. 'पट्टा पडला', म्हणजे कारखान्याचे गाळप थांबले, की मजूर गावी परततात.

या पाच-सहा महिन्यांचा करार मजूर व मुकादम यांच्यात हंगामापूर्वीच होतो. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि त्या कोयत्यामागे मुकादम आगाऊ रक्कम देतो. तिला 'उचल' म्हणतात. उचल हंगामभराच्या तोडणीतून फेडावयाची असते. ती फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामावर चढते. तोडणी न करता गेलेल्या दिवसाला 'खाडा' म्हणतात. खाड्याच्या दिवशी मजुरी तर बुडतेच, शिवाय अनेक ठिकाणी मुकादम दंडही कापून घेतो. दोघांपैकी एक आजारी पडले की कोयता अर्धा होतो आणि कमाईही.

आता या व्यवस्थेत क्षयरोग कसा घडतो, हे एका कल्पित परंतु प्रातिनिधिक उदाहरणातून पाहता येईल. तीस वर्षांच्या एका मजूर स्त्रीला डिसेंबरच्या आरंभी खोकला सुरू होतो. पहाटेच्या थंडीत फडावर जाणे, मोळ्या डोक्यावरून वाहणे, पाचटाची धूळ, कोपीतील चुलीचा धूर, यांमुळे फडावर खोकणारी ती एकटी नसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला ही क्षयरोगाच्या तपासणीची सर्वमान्य खूण आहे. परंतु येथे दोन आठवडे खोकला टिकणे हे विशेष मानले जात नाही. जानेवारीत संध्याकाळचा ताप येऊ लागतो, भूक मंदावते. जवळच्या बाजारगावातील खासगी दवाखान्यात एक इंजेक्शन, एक सलाईन आणि तीन दिवसांच्या गोळ्या मिळतात. दोन दिवस बरे वाटते. दरम्यान टोळीचा तळ दुसऱ्या गावी हलतो. फेब्रुवारीत दुसरा दवाखाना, पुन्हा तसेच औषध. मार्चपर्यंत वजन लक्षणीय घटलेले असते. पण आता हंगाम संपत आलेला असतो आणि 'गावी गेल्यावर मोठ्या दवाखान्यात दाखवू' असे ठरते. एप्रिलमध्ये गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात थुंकी तपासली जाते आणि क्षयरोगाचे निदान होते. पहिल्या खोकल्यापासून तोवर चार महिने उलटून गेलेले असतात.

उदाहरण येथे संपत नाही. एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेला सहा महिन्यांचा उपचार ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चालतो आणि नेमक्या त्याच काळात पुढच्या हंगामाची उचल घेऊन गाव सोडण्याची वेळ येते. याउलट निदान जानेवारीत कारखान्याच्या परिसरात झाले असते, तर उपचाराची सुरुवात एका जिल्ह्यात आणि शेवट दुसऱ्या जिल्ह्यात झाला असता. उपचाराचा काळ आणि हंगामाचा काळ जवळपास सारखाच असल्यामुळे बहुतेक वेळा औषधोपचाराच्या मध्येच स्थलांतर येते. उपचार अर्धवट सुटण्याची भीती आणि मागील अनुभव यांमुळेही काही रुग्ण निदान 'घरी जाईपर्यंत' पुढे ढकलतात.

'दुर्लक्ष' या शब्दाची चिकित्सा

२०१९ ते २०२१ या काळात भारतात राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षण झाले. त्यात लक्षणे असलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ६४ टक्के व्यक्तींनी उपचार घेतलेले नव्हते. न घेण्याचे कारण विचारले असता त्यांपैकी सुमारे ६८ टक्के व्यक्तींनी लक्षणांकडे दुर्लक्ष केल्याचे सांगितले. खर्च परवडत नाही, हे कारण सांगणाऱ्यांचे प्रमाण अवघे २ टक्के होते. वरवर पाहता या आकड्यांवरून अज्ञान हेच मुख्य कारण आहे आणि जनजागृती हाच उपाय आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

परंतु 'दुर्लक्ष केले' हे उत्तर म्हणजे कारण नव्हे. ते कारणाचा परिणाम होय. ज्या मजुराच्या एका दिवसाच्या अनुपस्थितीमुळे दोघांची मजुरी बुडते, दंड बसतो आणि उचलीचे ओझे वाढते, त्याला खोकल्याकडे लक्ष देणे महाग पडते. दवाखान्याची तपासणी मोफत असली तरी दवाखान्यात जाण्याचा दिवस मोफत नसतो. हा खर्च केसपेपरवर दिसत नाही आणि 'परवडत नाही' या रकान्यातही सहसा नोंदवला जात नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगाराला क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात विस्तारित आजारपण लाभ मिळतो. ऊसतोड मजूर मात्र कारखान्याच्या हजेरीपटावरच नसतो; त्याचा व्यवहार मुकादमाशी असतो. त्यामुळे आजारपणाचा सर्व भार त्याच्या कुटुंबावर पडतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चिला गेला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाचे वैद्यकीय स्वरूप वेगळे असले, तरी त्याच्या मुळाशीही खाड्याची धास्ती असल्याचे मांडले गेले. शरीराची तक्रार हंगामाच्या सोयीनुसार दाबणे, पुढे ढकलणे किंवा एकदाच निकाली काढणे, ही प्रवृत्ती मजुराची निवड म्हणून पाहता येत नाही. क्षयरोगातील विलंब याच प्रवृत्तीचे दुसरे रूप आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पदर जोडला जातो. फडावरील कामाखेरीज पाणी, स्वयंपाक व मुले यांची जबाबदारी त्यांच्यावरच असते. क्षयरोगाविषयीचा सामाजिक कलंक, नवरा किंवा सासरची माणसे टाकून देतील ही भीती आणि सोबत कोणी असल्याखेरीज अनोळखी गावी दवाखान्यात जाता न येणे, यांमुळे त्यांचा विलंब वाढतो.

दवाखान्याच्या दारातील विलंब

मजूर जेव्हा दवाखान्यात पोहोचतो, तेव्हाही निदान लगेच होतेच असे नाही. सायंकाळी तोडणी संपल्यावर शासकीय केंद्रांचा बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला असतो. उघडा असतो तो खासगी दवाखाना. तेथे रुग्णाची अपेक्षा 'उद्या कामावर उभे राहता यावे' एवढीच असते आणि डॉक्टरचा उपचारही बहुधा त्या अपेक्षेला अनुसरून होतो. स्टेरॉइडमुळे तात्पुरती तरतरी येते. फ्लुरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविकांचा क्षयरोगाच्या जंतूंवर काही अंशी परिणाम होतो. त्यामुळे लक्षणे काही काळ दबतात, निदान लांबते आणि जंतू त्या औषधांना सरावण्याचा धोकाही निर्माण होतो. पुढील भेटीपर्यंत टोळीने तळ हलवलेला असल्यामुळे कोणत्याही एका डॉक्टरला त्या रुग्णाचा सलग इतिहास दिसत नाही. प्रत्येक डॉक्टरसाठी तो 'चार दिवसांच्या खोकल्याचा' नवा रुग्ण असतो.

तपासणीचे तंत्रही येथे विचारात घ्यावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्यामुळे आजाराच्या आरंभीच्या अवस्थेतील अनेक रुग्णांचा अहवाल नकारार्थी येतो. सीबीनॅट या रेणवीय चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली. ही चाचणी याहून कितीतरी कमी जंतू ओळखते, सुमारे दोन तासांत निकाल देते आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला जंतू दाद देत आहेत की नाहीत, हेही सांगते. ट्रूनॅट हे गोव्यातील कंपनीने विकसित केलेले भारतीय यंत्र बॅटरीवर चालू शकत असल्याने ग्रामीण भागात विशेष उपयुक्त आहे. छातीच्या क्ष-किरण तपासणीचे महत्त्वही उपरोक्त राष्ट्रीय सर्वेक्षणात अधोरेखित झाले : क्ष-किरण तपासणी नसती, तर आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. याचा अर्थ केवळ 'खोकला आहे का?' असे विचारणारी छाननी अपुरी आहे. ज्या समूहात खोकल्याला आजार मानले जात नाही, तेथे ती अधिकच अपुरी ठरते.

पत्त्यावर आधारलेली आरोग्ययंत्रणा

भारतातील ग्रामीण आरोग्यसेवेची रचना लोकसंख्या आणि गाव या एककांवर आधारलेली आहे. आशा कार्यकर्ती गावातील घरे जाणते, आरोग्य सेविका उपकेंद्राच्या गावांना भेट देते, क्षयरोग पथकाची हद्द ठरलेली असते. स्थिर लोकसंख्येसाठी ही रचना उपयुक्त आहे. परंतु गावाबाहेर उसाच्या कडेला उभ्या राहिलेल्या पंचवीस-तीस कोप्या कोणत्याही गावाच्या घरयादीत नसतात. आशा कार्यकर्तीचा मोबदला व अहवाल तिच्या गावाच्या यादीशी जोडलेला असतो. मजुरांच्या मूळ गावी सर्वेक्षण होते, तेव्हा हंगाम असल्यास घराला कुलूप असते किंवा केवळ वृद्ध माणसे भेटतात. परिणामी एकच माणूस दोन्ही जिल्ह्यांच्या नोंदींतून सुटतो.

उपचाराच्या सातत्यासाठी यंत्रणेत सोयी निर्माण झाल्या आहेत, हेही नमूद केले पाहिजे. मे २०१२ मध्ये क्षयरोगाची नोंद शासनास कळवणे बंधनकारक झाले. 'निक्षय' या संगणकीय प्रणालीतून रुग्णाचे नाव एका पथकाकडून दुसऱ्या पथकाकडे, अगदी दुसऱ्या राज्यातही, वर्ग करता येते. निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली. तथापि या सर्व सोयी निदान झाल्यानंतरच्या आहेत. ज्याचे निदान झालेले नाही, त्याचे नाव प्रणालीत नसते आणि म्हणून त्याला त्या सोयींचा लाभ मिळत नाही.

यंत्रणा किती सहज खंडित होऊ शकते, हे कोविड महामारीने दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा हंगाम संपत आला होता आणि मोठ्या संख्येने ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. देशातील क्षयरोग रुग्णांची नोंद २०१९ मध्ये सुमारे २४ लाख होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. रोग कमी झालेला नव्हता. रुग्ण शोधण्याचे काम थांबले होते.

विलंबाचे परिणाम

विलंबाचा पहिला परिणाम रुग्णाच्या शरीरावर होतो. फुप्फुसांची जी हानी होते, ती जंतू मेल्यानंतरही पूर्णपणे भरून येत नाही. क्षयरोगातून बरा झालेला मजूर पुढे धाप लागल्यामुळे मोळी उचलू शकत नाही आणि कोयता कायमचा अर्धा होतो. उशिरा निदान झालेल्या, वजन फार घटलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोकाही अधिक असतो.

दुसरा परिणाम सहवासितांवर होतो. थुंकीत जंतू असलेला आणि उपचार न घेणारा एक रुग्ण वर्षभरात साधारण दहा ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असे मानले जाते. एका लहानशा कोपीत आई-वडील आणि मुले रात्रभर एकत्र असतात. थंडीमुळे कोपी सर्व बाजूंनी बंद केली जाते. पाच वर्षांखालील मुलांमध्ये संसर्गाचे आजारात रूपांतर लवकर होते आणि मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग हे त्याचे सर्वांत भयावह रूप होय. अशा मुलांसाठी प्रतिबंधक औषधोपचार उपलब्ध आहे. पण आईचे निदान झाल्याशिवाय मुलाचे नाव त्या यादीत येत नाही. म्हणून आईच्या निदानात गेलेले चार महिने तिच्या मुलाचेही असतात.

तिसरा परिणाम आर्थिक आहे. निरनिराळ्या दवाखान्यांत गेलेला पैसा, बुडालेली मजुरी आणि न फिटलेली उचल यांमुळे पुढील हंगामाला जाणे अनिवार्य होते, मग उपचार पूर्ण झालेला असो वा नसो. उत्पन्न घटले की आहार घटतो आणि कुपोषण हे भारतात क्षयरोगाचे सर्वांत मोठे धोक्याचे कारण आहे. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'राशन्स' चाचणीत रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. आहाराचा आणि रोगाचा संबंध किती घट्ट आहे, हे यावरून लक्षात येते.

उपाययोजना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचविता येतात.

१. हंगामाला धरून तपासणी : मजुरांचे वेळापत्रक आधीच माहीत असल्यामुळे तपासणीच्या तीन वेळा निश्चित करता येतात. पहिली, उचल वाटपाच्या आणि दसऱ्याच्या सुमारास मूळ गावी. दुसरी, हंगामाच्या मध्यास कारखान्याच्या परिसरातील तळांवर. तिसरी, परतीनंतर पुन्हा गावी. डिसेंबर २०२४ मध्ये देशातील ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात नेता येणारी क्ष-किरण यंत्रे वापरली गेली. अशी यंत्रे तळांवर सायंकाळी नेणे शक्य आहे.

२. रुग्णाऐवजी नमुन्याची ने-आण : थुंकीची डबी तळावर देऊन सकाळचा नमुना गोळा केल्यास मजुराचा दिवस बुडत नाही. ऊस वाहतुकीची वाहने आणि कारखान्याच्या शेती विभागातील कर्मचारी दररोज फडावर जात असतात. जैविक नमुन्याची काळजी घेण्याचे प्रशिक्षण देऊन या यंत्रणेची मदत घेता येईल. निकाल मुकादमाकडे न देता थेट रुग्णाला गोपनीयपणे कळवला जावा, ही अट मात्र अनिवार्य असावी.

३. खाड्यातून सूट : तपासणीचा दिवस आणि उपचाराच्या आरंभीचे संसर्गजन्य दिवस यांसाठी खाडा धरू नये आणि त्या काळातील मजुरीची भरपाई व्हावी. हा भार मुकादमावर न टाकता कारखाना आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापन झालेले गोपीनाथ मुंडे महामंडळ यांनी तो उचलणे न्याय्य ठरेल. यासाठी मजुरांची अचूक नोंदणी व ओळखपत्रे आवश्यक आहेत.

४. खासगी डॉक्टरांचा सहभाग : कारखाना परिसरातील बाजारगावांतील डॉक्टरांची संख्या मर्यादित असते. त्यांना हंगामाच्या आरंभीच भेटून, खोकला असलेल्या प्रत्येक ऊसतोड मजुराची थुंकी पहिल्याच भेटीत तपासणीस पाठवावी, अशी व्यवस्था करता येईल. मजूर पुन्हा येईलच याची खात्री नसल्यामुळे 'आधी औषध देऊन पाहू, नंतर तपासू' ही पद्धत येथे लागू पडत नाही.

५. टोळी हे एकक : सहवासितांची तपासणी रक्ताच्या कुटुंबापुरती न ठेवता एका तळावर राहणाऱ्या संपूर्ण टोळीची करावी. रुग्णाचे नाव वर्ग करताना केवळ प्रणालीत बदल न करता दोन्ही पथकांतील उपचार पर्यवेक्षकांनी परस्परांशी संपर्क साधावा आणि प्रवासकाळासाठी पुरेशी औषधे रुग्णासोबत द्यावीत.

६. तळाचा समावेश गावात : गळीत हंगामापुरता प्रत्येक तळ जवळच्या उपकेंद्राला जोडून तेथील आशा कार्यकर्तीला त्या कामाचा स्वतंत्र मोबदला द्यावा.

समारोप

ऊसतोड मजुरांमधील क्षयरोगाच्या निदानाला होणारा विलंब मजुराच्या अज्ञानातून उद्भवत नाही. तो अनेक छोट्या, प्रत्येक टप्प्यावर समजण्याजोग्या निर्णयांच्या साखळीतून निर्माण होतो. मजूर खाडा टाळतो, डॉक्टर दोन दिवसांचा आराम देतो, आशा कार्यकर्ती आपल्या यादीतील घरे पूर्ण करते, कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. यांपैकी कोणीही जाणूनबुजून रोग लपवत नाही. तरीही चार महिने निघून जातात. सहा दशकांपूर्वी तुमकुर जिल्ह्यातील अभ्यासाने रुग्ण दवाखान्यापर्यंत येतो, हे दाखवून दिले होते. स्थलांतरित मजुराच्या बाबतीत त्या निष्कर्षाला एक पुस्ती जोडावी लागेल : जो दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाही, तो कोठे असतो, हे यंत्रणेला ठाऊक असते. फडाची नोंद कारखान्याकडे असते, टोळीची नोंद मुकादमाकडे असते आणि कोणत्या दिवशी कोणत्या शेतात तोडणी होणार, याचे नियोजन आधीच झालेले असते. उसाच्या तोडणीसाठी जी माहिती इतक्या काटेकोरपणे ठेवली जाते, तीच माहिती तोडणाऱ्याच्या आरोग्यासाठी वापरली गेल्यास या विलंबातील मोठा भाग टाळता येण्यासारखा आहे.